फॅटच्या मापात न मावणारे दूध

दुधाविषयी आपल्याकडे सध्या दोन पंथ आहेत. एका पंथाच्या लेखी दूध म्हणजे पूर्णान्न, साक्षात अमृत. पेला ओठाला लावला की हाडे वज्राची झालीच म्हणून समजा. दुसऱ्या पंथाच्या लेखी ते पांढरे विष. मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सगळ्या दुखण्यांचे मूळ. दोन्ही पंथांची प्रवचने आता मोबाइलवरून घरोघर पोहोचतात. 2018 च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या नावावर एक इशारा देशभर फिरला. भारतातली दूधभेसळ थांबली नाही तर 2025 पर्यंत 87 टक्के भारतीयांना कर्करोग होईल, असे त्यात म्हटले होते. संघटनेने असा इशारा कधी दिलाच नव्हता आणि तसा खुलासाही झाला. 2025 साल येऊन गेले. गेवराईच्या बसस्थानकाजवळ ज्या गृहस्थांनी हा मजकूर मला मोठ्या काळजीने वाचून दाखवला, त्यांच्या हातात त्या वेळी दुधाच्या चहाचा दुसरा कप होता.

या वादात मला एक गोष्ट सतत खटकते. दूध ही एकच, सगळीकडे सारखी असणारी वस्तू आहे असे धरून दोन्ही बाजू बोलतात. शहरात सकाळी पिशवी फोडणाऱ्याला तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण मी ज्या तालुक्यात वाढलो आणि राहतो, तिथे दूध म्हणजे अमक्या घरची म्हैस, तिने खाल्लेली पेंड, तिची धार काढणारे हात, धार काढल्यापासून दूध थंड होईपर्यंत गेलेला वेळ आणि सरतेशेवटी ते कोणाच्या पोटात गेले, असा सगळा लांबलचक हिशेब असतो. दूध तब्येतीला चांगले की वाईट, याचे उत्तर या हिशेबात आहे. पण तो कुठे लिहिलाच जात नाही. दुधाच्या बाजारात लिहिले जातात ते दोनच आकडे, फॅट आणि एसएनएफ.

गेवराई हा तसा दुधासाठी प्रसिद्ध असलेला तालुका नव्हे. बीड जिल्ह्यात दुधाचे नाव निघाले की लोक आष्टी-पाटोद्याकडे बोट दाखवतात. आमची ओळख कापसाची, पैठणच्या उजव्या कालव्यावरच्या उसाची आणि ऊस तोडायला जाणाऱ्या माणसांची. तरीही तलवाडा, मादळमोही, उमापूर, सिरसदेवी अशा कुठल्याही गावी पहाटे जा, मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेली मंडळी संकलन केंद्राकडे निघालेली दिसतात. केंद्रावर नमुना घेतात, तो यंत्रात जातो, आणि मिनिटभरात पावती निघते. गायीच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ ही दराची रूढ पायरी. पायरीखाली घसरले की पैसे कापले. 2024 साली दुधाचे भाव कोसळले तेव्हा राज्य सरकारने लिटरमागे 5 रुपये अनुदान दिले, त्याचाही हिशेब फॅट आणि एसएनएफवरच बसवलेला होता.

एसएनएफ म्हणजे स्निग्धांश वगळून दुधात उरणारे घन पदार्थ. दोन्ही आकडे उपयोगाचे आहेत, त्यांच्यामुळे दुधात किती पाणी ओतले याचा अंदाज येतो. पण धार काढणाऱ्याने हात धुतले होते का, गायीला परवा कसले इंजेक्शन दिले, पेंडीला बुरशी आली होती का, गेल्या महिन्यात गाय गाभडली होती का, यातले काहीही त्या पावतीवर उमटत नाही. ज्याने या सगळ्याची काळजी घेतली आणि ज्याने घेतली नाही, त्या दोघांना सारखाच भाव मिळतो. दुधाचे फायदे आणि धोके यांची जी चर्चा आपण करतो, ती माझ्या मते इथे, या पावतीच्या कोऱ्या जागेपाशी यायला हवी.

आधी जमेची बाजू पाहू. गायीच्या 100 मिली दुधात साधारण 3.2 ग्रॅम प्रथिने आणि 120 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मोठ्या माणसाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 मध्ये सांगितले. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठातून ते 30 मिलिग्रॅमच्या आसपासच मिळते. म्हणजे भाकरी आणि पातळ वरणावर जगणाऱ्या माणसाच्या ताटात कॅल्शियमचा खड्डा मोठाच असतो. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था रोजच्या आहारात 300 मिली दूध किंवा दही सुचवते ते यासाठीच. दूध हा एकच मार्ग आहे असे मात्र नाही. तिळात कॅल्शियम भरपूर असते. शेवग्याच्या पाल्यात 100 ग्रॅममागे 300 मिलिग्रॅमहून अधिक असते, आणि आमच्याकडे बांधावरचा शेवगा शेंगा संपल्या की शेळीच खाते.

दुधाचे दुसरे देणे बी-12 जीवनसत्त्वाचे. ते वनस्पतींतून मिळत नाही. मांस-मासे-अंडी न खाणाऱ्याला दूध, दही, ताक हाच त्याचा आधार. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी या विषयाला आयुष्यातली अनेक वर्षे दिली आहेत. 1993 मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांची पाहणी सुरू केली. गरोदरपणी बाई काय खाते आणि बाळ कसे जन्मते, हा प्रश्न होता. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. एकूण उष्मांक आणि प्रथिने यांचा बाळाच्या आकारमानाशी संबंध दिसला नाही. दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे ज्यांच्या खाण्यात वारंवार होती, त्यांची बाळे मात्र अंगाने चांगली निघाली. पुढे मुंबईच्या वस्त्यांमध्ये याच तीन गोष्टींचा खाऊ करून स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून देण्याचा प्रयोग झाला. त्यात गरोदरपणातल्या मधुमेहाचे प्रमाण कमी झालेले आढळले. दुधाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी वज्रासारख्या हाडांच्या गोष्टी सोडून हा पुरावा हाती घ्यावा. आपल्याच मातीतल्या आयाबायांवर केलेले हे काम आहे.

आता दूध काय देत नाही ते. दुधात लोह जवळजवळ नसतेच. शिवाय दुधातले कॅल्शियम जेवणातल्या लोहाच्या शोषणात आडवे येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019 ते 2021 च्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षे वयाची 68.9 टक्के मुले रक्तक्षयी आढळली. त्याला कारणे अनेक आहेत. पण त्यातले एक शहरी आणि निमशहरी घरांत रोज दिसते. तीन वर्षांचे पोर दिवसाला लिटरभर दूध पिते, भाकरी-भाजीला तोंड लावत नाही, आणि आई कौतुकाने सांगते की आमचा बाळ्या दुधावरच वाढतोय. पोर गुबगुबीत दिसते आणि आतून पांढरे पडत जाते. या वयात दिवसाला 400-500 मिलीच्या वर दूध नको, हा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला ऐकण्यासारखा आहे.

तान्ह्या बाळाचे तर याहून अवघड. सहा महिने आईचेच दूध, आणि वर्षाच्या आत गायी-म्हशीचे दूध मुख्य आहार म्हणून नको, हे आरोग्यसेविका सांगून दमतात. तरीही कामावर जाणाऱ्या बाईच्या घरी ‘वरचे दूध’ सुरू होते, ते पचावे म्हणून त्यात निम्मे पाणी घालतात, आणि ते बाटलीतून पाजतात. पातळ केल्याने त्यातले सत्त्व निम्मे होते आणि बाटलीच्या बुचातून हगवण पोटात जाते. इथे दुधाला दोष देण्यात अर्थ नाही, बाळ सोडून कामावर जाणे त्या बाईला टाळता येत नाही.

दूध न पचणे ही अनेकांना आजाराची लाज वाटावी अशी गोष्ट वाटते. वास्तविक जगातल्या बहुसंख्य प्रौढांची तीच स्थिती आहे. दुधातली साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर बालपणानंतर कमी होत जाते. ते टिकवून ठेवणारा जनुकीय बदल भारतात वायव्येकडे जास्त आणि दक्षिण-पूर्वेकडे कमी होत गेलेला दिसतो, असे 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसले. आपण मध्येच कुठेतरी. म्हणून पंजाबी माणसासारखा लोटाभर दूध रिचवण्याचा आग्रह मराठवाड्यातल्या माणसाने धरू नये. बहुतेकांना जेवणाबरोबर कपभर दूध सोसते, आणि दही-ताक तर सहज, कारण विरजणातले जिवाणू ती साखर आधीच बरीचशी खाऊन टाकतात. आमच्याकडे पूर्वी दुभते असलेल्या घरून ताक फुकट न्यायची रीत होती. दूध सगळे डेअरीला जाऊ लागले तेव्हा विरजण संपले, आणि शेजारच्या गरिबाचे ताकही त्याबरोबर गेले.

खुर्चीवर बसून काम करणाऱ्या पन्नाशीच्या माणसाची गोष्ट निराळी. म्हशीच्या अर्धा लिटर दुधात 30 ग्रॅमच्या वर स्निग्धांश असतो, आणि त्यातला वीसेक ग्रॅम संपृक्त. दिवसभराची मर्यादा तिथेच जवळपास संपते. साय काढावी किंवा गायीचे दूध घ्यावे, एवढा उपाय पुरे. मोठ्यांच्या बाबतीत शास्त्रज्ञांचेही एकमत नाही. 2014 मध्ये स्वीडनमधल्या एका पाहणीत दिवसाला तीन पेल्यांहून अधिक दूध पिणाऱ्या स्त्रियांत हाडे मोडण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण जास्त दिसले. 2018 मध्ये भारतासह 21 देशांतल्या सव्वा लाखाहून अधिक लोकांच्या पाहणीत दूधदुभते खाणाऱ्यांत मृत्यू आणि हृदयविकार कमी दिसले. दोन्ही निरीक्षणेच आहेत, दोन्हींत कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. स्वीडनची बाई आणि गेवराईची बाई यांच्या पेल्यांत मुळातच एवढा फरक आहे की तिथला निष्कर्ष इथे आणून कोणाला घाबरवू नये.

राहता राहिले ‘ए-टू’ दूध. देशी गायींच्या दुधातले प्रथिन वेगळे म्हणून ते औषधी, हा दावा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2009 मध्ये उपलब्ध पुरावा तपासला तेव्हा साध्या दुधाचा आणि आजारांचा कार्यकारण संबंध तिला आढळला नाही. आपल्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑगस्ट 2024 मध्ये पाकिटावरून असे दावे काढण्याचा आदेश दिला आणि काही दिवसांतच तो मागे घेतला. देवणी आणि लाल कंधारी या मराठवाड्याच्या गायी टिकल्या पाहिजेत, त्याला त्यांची काटकता हे कारण पुरेसे आहे.

आता गोठ्यात जाऊ. धारोष्ण दूध, म्हणजे आचळातून थेट भांड्यात पडलेले कोमट दूध, हे आपल्याकडे पैलवानी ताकदीचे लक्षण मानले जाते. माझ्या नात्यातल्या एका तरण्या माणसाला तीन महिने ताप येत-जात होता. सांधे दुखायचे, रात्री घामाने अंथरूण भिजायचे. टायफॉइड म्हणून औषधे झाली, मग मलेरिया म्हणून झाली. मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात हजारो रुपये गेले. शेवटी एका डॉक्टरांनी वेगळाच प्रश्न विचारला, “घरची गाय गाभडली होती का?” गाभडली होती, सहाव्या महिन्यात. वार याच माणसाने उघड्या हाताने काढून पुरली होती, आणि कच्चे दूध तो रोज पीत होता. रक्त तपासले तेव्हा ब्रुसेलोसिस निघाला. दोन औषधांचा सहा आठवड्यांचा उपचार झाला आणि माणूस कामाला लागला. आमच्या गावातले निम्मे लोक अजून म्हणतात की त्याला टायफॉइड उलटला होता.

हा रोग जनावरांकडून माणसाला होतो. त्याचे जंतू कच्च्या दुधातून येतात, तसेच गाभडलेल्या जनावराच्या वारेतून आणि स्रावातूनही. दूध उकळले की ते मरतात. क्षयाचे जंतूही मरतात. डेअरीतल्या पाश्चरीकरणात दूध 72 अंश सेल्सियसला 15 सेकंद ठेवतात, तेवढे पुरते. दूध आले की पहिल्यांदा चुलीवर चढवायचे, ही आपल्या घरातल्या बायकांची सवय म्हणजे एक मोठी आरोग्यव्यवस्थाच आहे, आणि तिला आजवर कोणी पुरस्कार दिलेला नाही. अमेरिकेत याच्या उलट कच्च्या दुधाचे वेड सध्या जोरात आहे. तिथे मार्च 2024 पासून गायींच्या कळपांत बर्ड फ्लूचा विषाणू आढळू लागला आणि तो कच्च्या दुधातही सापडला. पाश्चरीकरणाने तो नष्ट होतो. तिकडची मंडळी जे गमावू पाहत आहेत ते आपण फॅशन म्हणून उचलू नये.

उकळल्याने पिणारा वाचतो, गोठ्यातला माणूस वाचत नाही. 2019 मध्ये केंद्र सरकारने लाळ-खुरकुत आणि ब्रुसेलोसिस यांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना ब्रुसेलाची लस आयुष्यात एकदाच टोचायची असते. वय निघून गेले की संधी गेली. लसीचा दिवस चुकला म्हणून गावात कोणी हळहळताना मी पाहिले नाही, फॅट एका पॉइंटने उतरले की मात्र केंद्रावर भांडण ठरलेले.

आता अशा गोष्टीकडे येतो, जी उकळूनही जात नाही. गेवराईत दुभत्या जनावराची मुख्य खुराक सरकी पेंड. तालुका कापसाचा, जिनिंग जवळ, पेंड सहज मिळणारी. फॅट चढवणारी म्हणून लाडकी. ही पेंड, भुईमुगाची पेंड, मका हे सगळे ओल लागली की बुरशी धरते. त्यातली एक बुरशी अफलाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. जनावराने ते खाल्ले की त्याचा थोडा अंश, साधारण शंभरातला एक ते तीन भाग, रूप बदलून एक-दोन दिवसांत दुधात उतरतो. त्याला एम-वन म्हणतात. यकृताच्या कर्करोगाशी या कुळाचे नाते सिद्ध आहे. उकळून, आटवून, खवा करून ते जात नाही. आपल्याकडे दुधात त्याची मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम आहे. युरोपात याच्या एक दशांश.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये देशभर दुधाचे 6,432 नमुने तपासले आणि निकाल पुढच्या वर्षी जाहीर केले. भेसळीमुळे खरोखर घातक ठरलेले नमुने निघाले अवघे 12. अफलाटॉक्सिन मर्यादेपेक्षा जास्त असलेले मात्र 368, म्हणजे 5.7 टक्के. प्रतिजैविकांचे अवशेष मर्यादेबाहेर असलेले 77. गंमत अशी की अफलाटॉक्सिन सुट्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या पिशवीच्या दुधात अधिक सापडले. जे विष कोणी मुद्दाम मिसळत नाही, ज्यात कोणाचा नफा नाही, तेच सगळ्यात जास्त निघाले. ही पाहणी 50 हजारांवर लोकसंख्या असलेल्या शहरांपुरती होती, म्हणजे गेवराई आणि तिच्याभोवतीची खेडी त्या जाळ्यात आलीच नव्हती.

यावरून दूध सोडायला कोणी निघू नये. एम-वन हे मूळ विषापेक्षा बरेच सौम्य असते, आणि खुराक बदलली की तीन-चार दिवसांत दुधातून जवळजवळ नाहीसे होते. म्हणजे रोग असाध्य नाही. पेंडीचे पोते जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून लांब ठेवायचे. पावसाळ्यात महिन्याची पेंड एकदम भरायची नाही. काळी-हिरवी पडलेली पेंड उन्हात वाळवून खपवायची नाही, फेकायची. शेवटचे वाक्य लिहायला सोपे आहे. पोत्याची किंमत हजारांत, आणि बुरशीची पेंड फेकणाऱ्याच्या दुधाला केंद्रावर एक पैसाही जास्त मिळत नाही. प्रतिजैविकांचेही तसेच. कासदाह झाला, आमच्याकडे ज्याला दगडी म्हणतात, की सडात औषध सोडतात आणि काही दिवस ते दूध बाजारात घालायचे नाही असा नियम असतो. चार दिवसांचे दूध ओतून द्यायला ज्याला कोणी भरपाई देत नाही, त्याच्याकडून नियमाची अपेक्षा करणारे आपण फार धीट लोक आहोत.

भेसळीची भीती सगळ्यात मोठी, म्हणून तिच्याविषयीही थोडे. 2011 च्या सरकारी पाहणीत 1,791 पैकी 68.4 टक्के नमुने मानकांत बसले नव्हते. ‘देशातले 68 टक्के दूध भेसळीचे’ हा मथळा तिथून आला. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग पाणी मिसळल्याने किंवा दूध भुकटी घातल्याने नापास झालेला होता. ही फसवणूकच, आणि पाणी घाण असेल तर आजारही. पण युरिया आणि धुण्याची पावडर वेगळी, पाणी वेगळे. पाणी ओतल्यावर घसरलेला एसएनएफ चढवण्यासाठी साखर, माल्टोडेक्स्ट्रिन, युरिया अशा वस्तू येतात. यंत्र जे मोजते, तेच नकली बनवायला माणूस शिकतो. 2008 मध्ये चीनमध्ये हेच झाले. तिथे दुधातली प्रथिने नायट्रोजनवरून मोजत. पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन टाकले की नायट्रोजन वाढे आणि दूध पास होई. सुमारे तीन लाख बालके आजारी पडली, सहा दगावली. शिक्षा कडक करून हा प्रश्न सुटत नाही, हे आपल्यालाही कळायला हवे. मोजण्याच्या गोष्टी वाढवाव्या लागतील. शीतकरणाच्या टाकीवर, एकेका शेतकऱ्यामागे नव्हे तर टाकीमागे, प्रतिजैविके आणि अफलाटॉक्सिन यांच्या झटपट पट्ट्या लावणे आज शक्य आहे. स्वच्छ निघालेल्या टाकीला लिटरमागे रुपया जास्त मिळाला, तर गावातले लोकच एकमेकांच्या पेंडीवर लक्ष ठेवतील. शेजाऱ्याच्या गोठ्यात डोकावण्याची आवड आपल्याला उपजतच आहे.

आतापर्यंत दुधात काय आहे ते बोललो. ते कोण पिते हा भाग उरला. 2023-24 मध्ये देशात दरडोई दूध दिवसाला 471 ग्रॅम होते, म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर. सरासरीने गेवराईच्या प्रत्येक बाईच्या वाट्याला पोषण संस्थेने सांगितलेल्या मापापेक्षा दीडपट दूध येते. तलवाड्याच्या बाजूला एका घरी मी हे सांगितले. दोन म्हशींची धार काढून नुकतीच उठलेली बाई हसली. म्हणाली, “दूध का प्यायचं असतंय का भाऊ? दूध घालायचं असतंय.” घालायचे म्हणजे डेअरीला. घरी राहते ते चहापुरते. तीन कप चहातले दूध मिळून 100 मिली धरले तरी कॅल्शियम 120 मिलिग्रॅम, लागते 1000. वर जेवणाच्या तोंडी घेतलेला चहा भाजीतले लोह अडवतो ते वेगळेच. त्या घरचा तिसरीतला मुलगा आणि पोटुशी सून, दोघांच्या पेल्यात सकाळी कोराच चहा होता. पावतीवर त्या दिवशी फॅट 6.8 आले होते, म्हणून घरात समाधान होते.

आणि हे घर दुभते असलेले. दसरा-दिवाळीनंतर जी जोडपी कोयता घेऊन बाहेर पडतात, त्यांच्याकडे दुभतेच नसते. पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या फडाशेजारच्या कोपीत पहाटे तीनला उठून बाई भाकरी थापते, दिवसभर मोळ्या उचलते. दूध असलेच तर सोबत नेलेल्या शेळीचे. या बायकांविषयी राज्य सरकारने 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली, म्हणजे दर सहा जणींत एक. त्यांतल्या पुष्कळ पस्तिशीच्याही आत होत्या. त्या आकड्यावर तेव्हा खूप लिहिले गेले, पण हाडांविषयी फारसे कोणी बोलले नाही. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली असतील तर पाळी गेल्यावर होणारी हाडांची झीज ऐन तिशीत सुरू होते. नुसते गर्भाशय काढले तरी अंडाशये वेळेआधी मंदावू शकतात. ज्या शरीराला कॅल्शियम, प्रथिने सर्वांत जास्त हवीत, ते पाठीवर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढते आहे. दूध पिऊन हाडे खरोखर किती बळकट होतात हा शास्त्रज्ञांचा वाद तिच्यापर्यंत पोहोचलेलाच नाही, कारण तिच्यापर्यंत दूधच पोहोचलेले नाही.

1930 मध्ये स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशायर परगण्यात 20 हजार शाळकरी मुलांवर दुधाचा मोठा प्रयोग झाला होता. निम्म्यांना चार महिने रोज दूध द्यायचे, निम्म्यांना नाही, आणि वजन-उंची मोजायची. पुढच्या वर्षी एका नामवंत संख्याशास्त्रज्ञाने दाखवून दिले की प्रयोग बिघडलेला आहे. शिक्षकांना गट थोडे सारखे करून घेण्याची मुभा होती, आणि त्यांनी हडकुळी, गरीब पोरे दुधाच्या रांगेत सरकवली होती. संख्याशास्त्राच्या पुस्तकांत हे उदाहरण चूक म्हणून शिकवतात. मला त्या शिक्षकांचा हेवा वाटतो, त्यांच्यासमोर दुधाने भरलेली पिंपे तरी होती. आमच्या शेजारच्या कर्नाटकाने 2013 मध्ये शाळेतल्या मुलांना भुकटीपासून केलेले 150 मिली दूध द्यायला सुरुवात केली. दुधाचे भाव पडले की भुकटीचे साठे पडून राहतात आणि मग आपल्याकडे अनुदानाची मागणी होते. ते दूध पोरांच्या पोटात घालण्याचा हिशेब आपल्याला जमण्यासारखा नाही असे मला वाटत नाही.

गेवराईपुरते बोलायचे तर वेळापत्रक ठरलेलेच आहे. सप्टेंबरात पाऊस ओसरतो, तोवर जुनी सरकी पेंड ओल धरून बसलेली असते. दिवाळीच्या आगेमागे जिनिंगवर नवी सरकी येऊ लागते आणि त्याच आठवड्यांत मुकादमांच्या गाड्या गावोगाव लागतात. टाकीवरच्या पट्ट्या लावायच्या त्या या महिन्यांत. गाडीत बसणाऱ्या गरोदर बाईचे आणि तिच्या पोराचे नाव अंगणवाडीच्या यादीतून न गळता ती ज्या कारखान्याच्या तळावर जाणार तिथल्या अंगणवाडीला कळवायचे, तेही तेव्हाच. तिथे तिला पालेभाजी आणि कपभर दूध रोज मिळते का, हे विचारायला मार्चपर्यंत पाच महिने हातात असतात.